रब्बी कोणास म्हणावे?

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास यहुदी पंचांगाचे नवे वर्ष सुरू होते आणि त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजेच प्रायश्चित्ताचा दिवस येतो. कोकणातील बेने इस्राएल समाज हे दोन्ही सण पिढ्यान्‌पिढ्या अस्सल मराठी नावांनी ओळखत आला. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’ आणि प्रायश्चित्ताचा तो ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यावयाची, अन्नपाणी वर्ज्य करावयाचे, बाहेरच्या जगाशी व्यवहार ठेवावयाचा नाही आणि वर्षभराच्या बऱ्यावाईट कृत्यांचा हिशोब ईश्वरापुढे मांडावयाचा, असा हा कडकडीत उपवासाचा दिवस आहे.

अशा दिवशी समाजाच्या वतीने ईश्वरापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाचा? आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, हिंदूंचा जसा भटजी, ख्रिस्ती बांधवांचा जसा पाद्री, तसाच ज्यूंचा रब्बी. आणि धर्मकृत्ये म्हटली की ती रब्बीवाचून व्हावयाची नाहीत. ही समजूत निम्मीसुद्धा खरी नाही. रब्बी हा पुरोहित नव्हे. मग तो आहे तरी कोण, आणि रब्बी होण्यास माणसाच्या अंगी काय असावे लागते? जन्म, विद्या, सनद, शुद्ध आचरण, की लोकांची मान्यता? हा प्रश्न वरवर एका अल्पसंख्य समाजाचा दिसतो. परंतु धर्मगुरूची पात्रता कशात असते, याचा विचार प्रत्येक धर्माच्या अनुयायांनी केला पाहिजे, आणि यहुदी परंपरेने या प्रश्नाचा केलेला ऊहापोह त्या विचाराला फार उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्राचीन काळी जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा पौरोहित्य जन्मावर ठरत असे. मोझेसचा भाऊ आरोन याच्या वंशातील पुरुष तेवढे पुरोहित. त्यांतील प्रमुख पुरोहित योम किप्पूरच्या दिवशी, वर्षातून त्या एकाच दिवशी, मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश करी. अधिकार मोठा होता. परंतु अधिकाराबरोबर विद्या येतेच असे नाही, हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होते. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात योम किप्पूरच्या आदल्या रात्रीचे वर्णन आहे. त्या रात्री प्रमुख पुरोहिताने झोपावयाचे नसे. तो विद्वान असेल तर त्याने प्रवचन करावे. नसेल तर इतरांनी त्याच्यापुढे धर्मग्रंथ वाचावेत, अशी सोय तेथे निःसंकोचपणे सांगितली आहे. ईश्वराच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस अडाणी असू शकतो, ही कबुली शास्त्राने स्वतःच देऊन ठेवली आहे.

याच दिवसाची आणखी एक कथा तालमूदमध्ये येते. योम किप्पूरचे विधी आटोपून प्रमुख पुरोहित मंदिराबाहेर पडला. लोकांचा मोठा समुदाय त्याच्या मागून चालला होता. इतक्यात समोरून शमाया आणि अव्तालियोन हे दोन आचार्य येताना दिसले आणि पाहता पाहता सारा समुदाय पुरोहिताला सोडून त्या दोघांच्या मागे गेला. परंपरा असे सांगते की, हे दोघेही धर्मांतर करून यहुदी झालेल्यांच्या कुळातले होते. अपमानित झालेल्या पुरोहिताने त्यांच्या परक्या कुळाचा उपरोधाने उल्लेख केला. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, परक्या कुळात जन्मून आरोनासारखे वागणारे बरे; आरोनाच्या कुळात जन्मून त्याच्यासारखे न वागणारा काय कामाचा? मिश्नाने तर पुढे जाऊन नियमच घालून दिला की, ज्याच्या जन्माला शास्त्राने कलंक मानला आहे असा विद्वान आणि अज्ञ असा प्रमुख पुरोहित यांच्यात मान पहिल्याचा.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञवेदी गेली आणि तिच्याबरोबर पुरोहितांचे कार्यही संपले. योहानान बेन झक्काई या आचार्याने याव्हने या गावी विद्यापीठ उभारून धर्माला नवा आधार दिला. वेदीची जागा अध्ययनाने घेतली आणि पुरोहिताची जागा शिक्षकाने. ‘रब्बी’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘माझे गुरुजी’ असा आहे. परंपरेत ज्यांची नावे आदराने घेतली जातात ती माणसे पाहिली तर हिल्लेल लाकूडफाट्यावर गुजराण करणारा, योहानान चर्मकार, आणि अकिवा तर चाळीस वर्षांचा होईपर्यंत अक्षरशत्रू असलेला गुराखी. यांपैकी कोणालाही कुळाने मोठेपणा दिलेला नाही.

परंतु जन्माची अट गेली म्हणून दार सताड उघडले असे मात्र झाले नाही. जन्माच्या जागी गुरुपरंपरा आली. मोझेसने जोशुआच्या मस्तकावर हात ठेवून त्याला आपला अधिकार दिला, अशी कथा बायबलच्या जुन्या करारात आहे. त्या हस्तस्पर्शावरून गुरूने शिष्याला दिलेल्या मान्यतेस ‘स्मिखा’ हे नाव मिळाले. ही परंपरा टिकावी म्हणून माणसांनी प्राण दिले आहेत. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातील छळाविषयी तालमूद सांगते की, जो गुरू ही मान्यता देईल तो, जो शिष्य ती घेईल तो, आणि ज्या गावात हे घडेल ते गाव, अशा सर्वांना मृत्यूची आणि विध्वंसाची शिक्षा फर्मावण्यात आली होती. तेव्हा यहूदा बेन बावा हा वृद्ध आचार्य मुद्दाम दोन गावांच्या मध्ये, डोंगरांच्या खिंडीत जाऊन बसला. आपल्यामुळे कोणत्याही गावावर संकट येऊ नये हा त्याचा हेतू होता. तेथे त्याने पाच शिष्यांना मान्यता दिली. सैनिक येताना दिसताच त्याने शिष्यांना पळून जाण्यास सांगितले आणि स्वतः मात्र दगडासारखा जागेवर बसून राहिला. सैनिकांच्या भाल्यांनी त्याच्या देहाची चाळण झाली. विद्या मात्र त्या पाच शिष्यांबरोबर वाचली.

ती मूळ गुरुपरंपरा पुढे काही शतकांत खंडित झाली. १५३८ मध्ये सफेद या नगरातील याकोब बेराव याने तिचे पुनरुज्जीवन करण्याचा प्रयत्न केला; पण जेरुसलेमच्या लेवी इब्न हबीबने त्याला विरोध केला आणि तो प्रयत्न फसला. आज रब्बीला जी सनद मिळते, तिलाही स्मिखा असेच म्हणतात. तथापि तिचे स्वरूप वेगळे आहे. या माणसाने धर्मशास्त्राचा अभ्यास केला असून विचारलेल्या प्रश्नांवर निर्णय देण्यास तो समर्थ आहे, असे त्याच्या गुरूने दिलेले ते प्रमाणपत्र असते. भक्ष्याभक्ष्याचे नियम, दूध आणि मांस वेगळे ठेवण्याचा विधी, सुतकाचे आचार, वैवाहिक शुद्धीचे नियम अशा विषयांत त्याची कसून परीक्षा होते. आर्थिक तंट्यांत न्यायनिवाडा करण्याचा अधिकार हवा असेल तर त्यासाठी आणखी वरची सनद लागते. १८५४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे आणि १८७५ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे आधुनिक पद्धतीची धर्मविद्यालये निघाली, तेव्हापासून इतिहास आणि भाषाशास्त्र यांचीही त्यात भर पडली.

या सनदेने रब्बीला काय मिळत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तो देव आणि भक्त यांच्यामधला मध्यस्थ होत नाही. त्याला कोणाच्या पापाची क्षमा करता येत नाही. सामुदायिक प्रार्थनेला रब्बी लागत नाही; सनातन परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि त्या दहांत एकही रब्बी नसला तरी प्रार्थना पूर्ण होते. नऊ रब्बी जमले आणि दहावा माणूस मिळाला नाही, तर मात्र ती अपुरी राहते. प्रार्थना चालविणाऱ्यास ‘समाजाचा दूत’ असे म्हटले जाते. सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरूख’ या आचारसंहितेवर क्राकोच्या मोझेस इसर्लेस याने टिपणे लिहिली. त्यांत तो सांगतो की, नववर्ष आणि योम किप्पूर यांसाठी हा दूत विद्येने आणि आचरणाने श्रेष्ठ, तीस वर्षांवरचा आणि विवाहित असा शोधावा. परंतु समाजाला मान्य असेल तर कोणीही चालेल. ग्रंथकाराने आधी आदर्श सांगितला आणि शेवटी निर्णय लोकांच्या हाती दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पात्रतेचा विचार करताना पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. धर्मविद्येवर पोट भरावे काय? बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडीज याचे उत्तर रोखठोक नकाराचे होते. त्याचा भाऊ रत्नांचा व्यापार करून साऱ्या कुटुंबाचा भार वाहत असे. तो हिंदी महासागरात बुडून मरण पावला, तेव्हा मायमोनिडीजने आपल्या विद्येचा बाजार मांडला नाही. वैद्यकी पत्करली आणि दिवसभर रोगी तपासून उरलेल्या वेळात ग्रंथ लिहिले. परंतु १३९१ मध्ये मायोर्का बेटावर ज्यूंची कत्तल झाली आणि तेथून सर्वस्व गमावून अल्जिअर्सला आलेल्या शिमोन दुरानला रब्बीपदाचे वेतन स्वीकारावे लागले. त्याने त्याचे समर्थनही केले. पुढे शास्त्रकारांनी अशी तडजोड काढली की, वेतन हे विद्येचे मोल नसून, अन्य उद्योग करता आला असता तो वेळ समाजासाठी दिल्याची ती भरपाई आहे. ही तडजोड मला योग्य वाटते. उपाशी शिक्षक हे कोणत्याही समाजाला भूषण नव्हे. पण घेतलेले द्रव्य वेळेचे आहे, ईश्वराच्या कृपेचे नव्हे, ही जाणीव जेथे पुसली जाते तेथे धर्मगुरूचा दुकानदार होतो.

येथवरचा सर्व विचार ग्रंथांतला झाला. त्याची खरी कसोटी पाहावयाची असेल तर आपल्या कोकणाकडे वळले पाहिजे. बेने इस्राएलांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ नाहीत, विद्यापीठ नाही, रब्बी नाही, अशा स्थितीत ही माणसे शतकानुशतके खेड्यापाड्यांतून तेल गाळून राहिली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा, एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपला धर्म जपला. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा गृहस्थ तेथे आला. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याने या समाजाची ओळख पटवून घेतली आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तीन तरुणांना धर्मविधी शिकवून तयार केले, असे परंपरा सांगते. लोक त्यांना ‘काजी’ म्हणू लागले. हे काजी गावोगाव हिंडून सुंता व लग्ने लावीत आणि तंटे मिटवीत.

या काजींचे ऋण मोठे आहे. तरीही येथे एक गोष्ट घडली तिची नोंद केली पाहिजे. जे पद विद्येमुळे दिले गेले होते, ते कालांतराने बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागले. ज्या धर्माने वंशाच्या अधिकाराला विद्येच्या खाली बसविले, त्याच्याच एका शाखेत विद्या क्षीण होताच वंशाने पुन्हा डोके वर काढले. हा दोष कोकणचा नाही, मनुष्यस्वभावाचा आहे. जेथे समाजाला पारखण्याइतके ज्ञान उरत नाही, तेथे तो आडनावाकडे किंवा पोशाखाकडे पाहून गुरू निवडतो.

यावर उपाय झाला तो शिक्षणाने. १७९६ मध्ये सॅम्युअल एझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकाऱ्याने मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकविल्या. मिशनरी जॉन विल्सन याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. पण हाती व्याकरण पडलेल्या समाजाने त्याचा उपयोग स्वतःचा धर्म वाचण्यासाठी केला. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) या मुंबईतील मुख्याध्यापकाने प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. हे दोघे रब्बी म्हणून ओळखले गेले नाहीत. परंतु ‘माझे गुरुजी’ हा त्या शब्दाचा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर त्यांना दुसरे काय म्हणावे?

तरीदेखील सनद म्हणजे नुसता कागद, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. रब्बी नसल्याची किंमत या समाजाला विसाव्या शतकात मोजावी लागली. हजारो बेने इस्राएल इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झाल्यावर तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी शंका काढली. ज्या समाजात शास्त्र जाणणारे रब्बीच नव्हते, तेथे मागील पिढ्यांतले विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, असा तो आक्षेप होता. १९६२ मध्ये त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांच्या नातवंडांना आपले यहुदीपण सिद्ध करण्यास सांगण्यात आले. समाजाने त्याविरुद्ध निदर्शने केली आणि अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असा निर्वाळा दिला.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. विवाह, घटस्फोट, वारसा यांसारख्या बाबतींत एका माणसाच्या अज्ञानाचे परिणाम पुढच्या पिढ्यांना भोगावे लागतात. म्हणून तेथे शास्त्राची पक्की जाण असलेला, परीक्षा दिलेला माणूस हवाच. केवळ श्रद्धा आणि सद्‌भाव तेथे पुरत नाहीत. परंतु सनद हाती असलेल्यांनीही एवढे ओळखावयास हवे होते की, त्यांचे शास्त्र ज्या निष्ठेच्या रक्षणासाठी आहे, ती निष्ठा कोकणातील तेल्यांनी शास्त्रावाचून सांभाळली होती. विद्येला नम्रतेची जोड नसेल तर ती विद्या माणसे जोडण्याऐवजी तोडते.

सनद असूनही पात्रता नाकारली जाते, तशी पात्रता असूनही सनद नाकारली जाते. बर्लिनमध्ये १९०२ साली जन्मलेल्या रेगिना योनास हिने स्त्रीला रब्बी होता येईल काय, याच प्रश्नावर १९३० मध्ये प्रबंध लिहिला आणि धर्मग्रंथांच्याच आधारे होकारार्थी उत्तर दिले. तिला सनद मिळाली ती १९३५ मध्ये. नाझी राजवटीत अनेक रब्बी परागंदा होत असताना ती रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून लोकांना धीर देत राहिली. १९४२ मध्ये तिला टेरेझीनच्या छावणीत पाठविण्यात आले. तेथेही तिची व्याख्याने चालूच होती. १९४४ मध्ये ऑशविट्झ येथे तिची हत्या झाली. त्यानंतर कित्येक दशके तिचे नावही कोणी घेतले नाही. बर्लिनच्या दप्तरखान्यातून तिची कागदपत्रे १९९१ मध्ये उजेडात आली, तेव्हा जगाला तिची ओळख पटली. १९७२ मध्ये अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाल्या आणि नंतर सुधारणावादी व मध्यममार्गी पंथांत स्त्री रब्बी ही सामान्य गोष्ट झाली. सनातनी पंथांत बहुतेक ठिकाणी अद्याप विरोध आहे. त्या वादात पडण्याचे येथे कारण नाही. परंतु छावणीत मृत्यूच्या छायेत बसलेल्या माणसाला ज्या व्यक्तीने धर्माचा आधार दिला, ती रब्बी होण्यास पात्र होती की नाही, याचा निवाडा त्या श्रोत्यांनी केव्हाच केलेला होता.

तात्पर्य, रब्बीची पात्रता तीन गोष्टींची मिळून होते. पहिली विद्या, तिची परीक्षा जाणत्या गुरूने घेतलेली असावी. दुसरी आचरण; त्याची परीक्षा रोजचे जीवन घेते. तिसरी समाजाची मान्यता. ती मागून मिळत नाही. यांपैकी विद्या नसेल तर तो भोंदू ठरण्याचा धोका, आचरण नसेल तर तो पढतमूर्ख, आणि मान्यता नसेल तर तो नुसता पदवीधर. या तिहींत जन्माला, वेषाला आणि वक्तृत्वाला स्थान नाही. आज सर्वच धर्मांत व्यासपीठाची उंची आणि श्रोत्यांची गर्दी पाहून गुरुत्व ठरविण्याची जी प्रवृत्ती वाढत आहे, तिच्यावर हा मापदंड लावून पाहण्यासारखा आहे.

आज भारतात काही हजारच यहुदी उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. पण कोकणातील जुन्या प्रार्थनामंदिरांत दहा माणसे जमविणे ही आता नित्याची अडचण आहे. अशा वेळी रब्बी कोठून आणावा यापेक्षा, आपल्यातला प्रत्येक गृहस्थ जाणता कसा होईल, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. दिल्लीच्या जूदा हयाम प्रार्थनामंदिरात एका मराठी बेने इस्राएल वकिलाने रब्बीची सनद नसताना अनेक दशके प्रार्थना चालविल्या आहेत. मायमोनिडीजच्या वैद्यकीची आणि हिल्लेलच्या लाकूडफाट्याची परंपरा अशा माणसांनीच पुढे नेली आहे.

अवर्षणामुळे उपवास पुकारला जाई तेव्हा प्रार्थनेस कोणाला उभे करावे, याविषयी मिश्नाने एक सूचना करून ठेवली आहे. माणूस वयाने पोक्त आणि प्रार्थनेत मुरलेला असावा, हे तर खरेच. पण त्याच्या घरी मुले असावीत आणि कोठार रिकामे असावे, असेही तेथे सांगितले आहे. कारण पावसाची याचना करताना त्याचे सारे चित्त त्या याचनेत असेल. इतरांचे दुःख ज्याचे स्वतःचे झाले आहे, त्यानेच त्यांच्या वतीने बोलावे, हा त्यातला अर्थ. विद्यालये सनदा देतील आणि त्या दिल्याच पाहिजेत. परंतु ही शेवटची अट कोणत्याही परीक्षेत तपासता येत नाही. ती समाजानेच पारखून घ्यावयाची असते, आणि पारखता यावी म्हणून समाजाने स्वतःही शिकत राहावयाचे असते.